पंगतीतली रिकामी जागा

उस्मानचाचा गावात आले, हे कुणी सांगावं लागायचं नाही. पहिल्या वेचणीचा कापूस घरात पडला, की एखाद्या सकाळी मारुतीच्या देवळामागच्या पडवीतून पिंजणीचा आवाज यायला लागायचा. ताणलेल्या तातीवर लाकडी मुठीचा ठोका पडे, आणि त्यामागून एक लांब थरथरणारा सूर निघून आमच्या मागच्या अंगणात येऊन विरे. चुलीपुढून माय ओरडायची, "आला बाई पिंजारी! गाद्या काढा रे खाली." मग वर्षभर झोपून दगड झालेल्या गाद्या, उशा, लोड उसवले जायचे. आतला कळकट कापूस उस्मानचाच्यांच्या पिंजणीखाली जायचा आणि ढगासारखा फुगून परत यायचा. ते पातूरचे. हिवाळाभर तेल्हाऱ्याच्या आजूबाजूच्या गावांतून त्यांची फेरी असे आणि सगळ्यांत मोठा मुक्काम आमच्या गावी. संध्याकाळची भाकर त्यांना आमच्या घरून जायची: ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर मिरचीचा ठेचा. त्यासाठी एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी होती, ती गोठ्याच्या कोनाड्यात असायची. मी ती कितीदा तरी नेऊन दिली आहे. ती थाळी घरात का नसते, हे विचारावंसं मला कधी वाटलं नाही. चूल चुलीच्या जागी असते, तशी ती कोनाड्यात होती.

मी सांगतोय त्या वर्षांत कापसाचं काही खरं उरलं नव्हतं. बोंड फोडावं तर आत अळी. फवारणीच्या पंपाचा खटक-खटक आवाज सकाळपासून शेताकडून यायचा आणि त्या औषधाचा वास बाबांच्या केसांत, उशीच्या खोळीत, अगदी भाकरीच्या टोपल्यातसुद्धा बसलेला असायचा. माय कांदा फोडून तो वास घालवायचा प्रयत्न करायची. आजूबाजूच्या गावांतून वाईट बातम्या यायच्या. जेवताना त्या काढायच्या नाहीत, असा न बोलताच ठरलेला नियम आमच्या घरात होता. त्यामुळे जेवणात आवाज असायचा तो फक्त भाकर मोडल्याचा. बाबांना बोलावंसं वाटलं तर ते एकच वाक्य बोलायचे, "गजू, तू शिक्शान सोडजो नोको." बाकी सगळं त्यांच्या लेखी बेभरवशाचं झालं होतं.

मी अमरावतीला एमेस्सी फिजिक्सला होतो. राजापेठेच्या मागे एका पत्र्याच्या खोलीत राहायचो. खोलीतला दुसरा मुलगा रफीक. पहिल्याच दिवशी त्याने मला गावाचं नाव विचारलं आणि मी सांगताच तो हसायला लागला.

"अबे, तुह्या गावच्या गाद्या माहा बाप पिंजते! तू ज्याच्यावर झोपून झोपून एमेस्सीपावतर आला ना, थो कापूस आमचा."

"कापूस आमचाच आहे," मी म्हणालो.

"बरं बावा, कापूस तुमचा. आतली हवा आमची."

असा होता रफीक. उस्मानचाच्यांचा मुलगा माझ्याच वयाचा आहे आणि तो फिजिक्स शिकतो, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं भाकर नेऊन देत होतो, पण त्यांच्या घरी कोण कोण आहे हे कधी विचारलं नव्हतं. वडिलांच्या त्या हिवाळी फेरीवर त्याचं अमरावतीचं राहणं-खाणं चाले, हे तो लपवायचा नाही आणि मिरवायचाही नाही. स्टोव्हवर आम्ही खिचडी टाकायचो. कंटाळा आला की मुरमुऱ्यांना तेल-तिखट लावायचो. फारच चैन म्हणजे गिला वडा. तो खाताना रफीक डोळे मिटून घ्यायचा आणि म्हणायचा, "आता मले कोनी डेरिव्हेशन विचारू नका."

दुसऱ्या वर्षी न्यूक्लिअर फिजिक्सच्या मॅडमनी दोघादोघांच्या जोड्या करून सेमिनारचे विषय वाटले. आमच्या जोडीला शेल मॉडेल आलं. न्यूक्लियसमध्ये प्रोटॉन आणि न्यूट्रॉन इतके दाटीवाटीने कोंबलेले असतात, की त्या गर्दीत कुणाला स्वतःची जागा असेल असं वाटत नाही. शेल मॉडेल म्हणतं, असते. खालून वर ठरलेल्या पायऱ्या असतात, प्रत्येक पायरीवर मोजक्या जागा असतात आणि एका जागेवर एकच कण बसतो. काही पायऱ्या मिळून एक रांग होते. रांग पूर्ण भरली की न्यूक्लियस विशेष घट्ट होतं, सहजी फुटत नाही. दोन, आठ, वीस, अठ्ठावीस, पन्नास, ब्याऐंशी, एकशे सव्वीस: हे ते मॅजिक नंबर. हे मला पाठ होतं, पण कळत नव्हतं. एका दुपारी गावाहून आलेली तूर निवडत बसलो होतो. माझ्या मनात काय आलं कोण जाणे, मी परातीत दाणे रांगेने मांडायला लागलो.

"हे पाहा, ही पंगत आहे. पहिल्या पंगतीला दोन पानं, दुसरीला सहा, तिसरीला बारा. एका पानावर एकच माणूस. खालची पंगत भरल्याशिवाय वरची मांडायची नाही."

रफीक पुढे सरकला. "अन् वीसच्या पुढं? साध्या हिशेबानं चाळीस येते. अठ्ठावीस काहून?"

"काही कणांचं स्वतःभोवतीचं फिरणं आणि न्यूक्लियसमधलं फिरणं एकाच दिशेचं असतं. त्यांची ऊर्जा कमी होते. तो गट आपल्या पंगतीतून खाली सरकतो, म्हणून पंगती जिथं तुटतात ती जागा बदलते." मी बोटाने दाणे ओढून दाखवले. बोलता बोलता मलाच कळत गेलं. आजही वर्गात हे शिकवताना माझ्या डोळ्यांपुढे फळा नसतो, ती परात असते.

रफीकने एक दाणा उचलून पुन्हा जागेवर ठेवला. मग म्हणाला, "प्रोटॉन अन् न्यूट्रॉन एकाच पंगतीत बसतात का बे?"

"नाही. प्रोटॉनची पंगत वेगळी, न्यूट्रॉनची वेगळी. एकमेकांची जागा घेत नाहीत."

तो आधी गालात हसला आणि मग इतका मोठ्याने, की परात हलून सगळ्या पंगती मोडल्या. "म्हंजे हे न्यूक्लियस तेल्हारा तालुक्यातलंच हाय की!"

मी हसलो नाही. मला राग आला; त्याचा नाही, पण नक्की कुणाचा हे ठरवताही येईना. मी म्हणालो, "आमच्या गावात तसं काही नाही."

"नाई कसं? जर्मनची थाळी अजून हाय ना?"

ती थाळी त्यालाही ठाऊक होती. त्याच आठवड्यात गावात भंडारा होता. कापूस लागोपाठ बुडाला म्हणून गावाने मारुतीला रोडग्यांचा नवस बोलला होता. मी हट्टाला पेटलो. "तू चल माझ्याबरोबर. दाखवतो."

"मी कशाले येऊ? अब्बा हायेत ना तिथं." मग लगेच, "रोडगे पोटभर भेटतीन?"

"पोटभर."

"मंग चाल. सिद्धांत गेला खड्ड्यात."

घरटी गव्हाचं जाडं पीठ आलं होतं. देवळासमोर गोवऱ्यांचा जगरा पेटवून त्यात रोडगे भाजले जात होते. धुरात शेणाचा, भाजलेल्या गव्हाचा आणि मोठ्या गंजात रटरटणाऱ्या वांग्याच्या भाजीचा वास मिसळला होता. कित्येक महिन्यांत गावात इतकी माणसं हसताना मी पाहिली नव्हती. एक म्हातारा जगऱ्यापाशी काठीने रोडगे उलटत म्हणत होता, "अळीलेही बोलवा रे, तिचंही पोट भरू द्या एकडाव!" बाबासुद्धा हसले. पंगत बसली. मी बाबांच्या शेजारी होतो. आमच्या गावचा रिवाज असा, की पंगत एकदा बसली की शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कुणी उठायचं नाही. मधूनच कुणी उठलं तर पंगत मोडली, मग बाकीच्यांनीही पान सोडायचं. लहानपणी शी लागली तरी माय डोळे वटारून बसवून ठेवायची.

देवळासमोरच्या नीमाच्या झाडापलीकडे, गोणपाटावर, दुसरी पंगत होती. तिथे गावाबाहेरच्या वस्तीतली माणसं होती, उस्मानचाचा होते आणि त्यांच्या शेजारी रफीक. वाढपी तिथे गेला की कमरेत वाकत नव्हता, वरूनच रोडगा सोडत होता. मी पाहत होतो. उस्मानचाचा शेजाऱ्याला काहीतरी सांगत होते आणि सांगताना मुलाच्या पाठीवर हात ठेवत होते. रफीकने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि ओठ हलवून म्हणाला, "न्यूट्रॉन."

तो हसत होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत होतो की तो हसत नव्हता.

मी उठलो. पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली, वरण माझ्या पायांवर सांडलं, आणि नीमाच्या पलीकडे जाऊन रफीकच्या शेजारी बसलो. उस्मानचाच्यांचा घास हातातच राहिला. ते हळूच म्हणाले, "बेटा, वापस जाय. तुह्या बापाचं पान अडलं."

मी गेलो नाही. नीमाच्या बुंध्याआडून मला बाबा दिसत होते. त्यांच्या शेजारी माझी जागा रिकामी होती आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, त्या जागेकडे बघत होते. मग त्यांनी तांब्या उचलला आणि पानातच हात धुतले. त्यांच्या पलीकडच्याने धुतले. मग त्याच्या पलीकडच्याने. तूप घातलेले, अर्धे मोडलेले रोडगे ओळीने तसेच पाण्यात भिजत राहिले, आणि तेही त्या वर्षी. इकडे उस्मानचाच्यांनी पान सोडलं, रफीकने सोडलं, गोणपाटावरची सगळी माणसं मान खाली घालून बसली. मी एकटाच जेवत राहिलो. थांबलो असतो तर माझ्या उठण्याला अर्थ उरला नसता, असं मला वाटत होतं.

घरी माय गोठ्यात वासराला पाणी दाखवत होती. तिने मागे न बघता विचारलं, "बरं वाटलं?"

"चुकीचं काय केलं मी?"

"म्या कुठं म्हटलं चूक हाय? पन तू उद्या अमरावतीले जाशीन. थो पिंजारी इथंच राहीन."

मायच्या दोन इयत्तासुद्धा धड झाल्या नव्हत्या, आणि तिचं हे बोलणं तेव्हा मी अडाणीपणाचं समजलो. दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या गाडीत रफीक खिडकीशी बसला होता. अकोटच्या स्टँडवर गाडी थांबली. तेव्हा तो म्हणाला, "तुले कोनं सांगतलं होतं उठाले?"

"मला सहन झालं नाही रे."

"तुले? बसलो मी होतो ना तिथं! मले चालत होतं बे. भूक लागली होती, रोडगा गरम होता. अब्बा चार लोकाइले सांगून राह्यले होते, पोरगं एमेस्सी करते, न्यूक्लिअर शिकते. लोकं आयकत होते. तू आला, अन् आमी दोघंबी पुन्हा पिंजारी झालो."

मी म्हणालो, पण ते वेगळं बसवणं चूकच होतं ना. तो म्हणाला, "चूकच होतं. मले समजत नाई का? पन मले इचारलं असतं तर मी सांगतलं असतं, आज नोको. आज अब्बा खुश हायेत."

चार दिवसांनी अवकाळी पाऊस आला आणि फुटलेला कापूस झाडावरच काळा पडला. पंगत मोडली म्हणून पाऊस आला, असं गावात कुणी उघड म्हटलं की नाही, मला माहीत नाही. मी पुन्हा गेलो तेव्हा देवळामागची पडवी मुकी होती. मायने सांगितलं ते एवढंच: उस्मानचाच्यांना कुणीही जा म्हटलं नाही. फक्त ज्यांनी गाद्या दिल्या होत्या त्यांनी त्या तशाच उसवलेल्या परत नेल्या, आणि ज्यांच्या यायच्या होत्या त्यांच्या आल्या नाहीत. "औंदा राहू द्या, चाचा," असं म्हणालं प्रत्येक घर. शेजारच्या दोन गावांतही तेच झालं. बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती. मी पाटलाचा पोरगा, मला गाव काही करू शकत नव्हतं. आमच्याही गाद्या परत आणलेल्या होत्या. मी मायकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुह्या बाबानं आनल्या. मी काय करू?" त्या रात्री मी त्या गठुळल्या कापसावरच झोपलो.

उस्मानचाच्यांना मग मेळघाटाच्या पायथ्याच्या अनोळखी गावांकडे जावं लागलं. पिंजण खांद्यावर घेऊन इतकं चालणं त्यांना होईना, म्हणून रफीक पंधरा दिवसांसाठी सोबत गेला. पंधरा दिवसांचे महिने झाले. मी पातूरला गेलो तेव्हा तो दारात पिंजणीची तात बदलत होता. हातांवर, पापण्यांवर, मिशीवर कापसाचा पांढरा धुरळा. मी म्हणालो, मॅडमना सांगतो, सेमिनार पुढे ढकलतील.

"काहून ढकलतीन? तू दे ना. तुले सगळं येते."

"जोडीने द्यायचा आहे तो."

त्याने तात ताणून एक टिचकी मारली, सूर नीट लागला का ते ऐकलं. "जोडीचा स्पिन शून्य असते बे. जोडी फुटली की जो एकटा उरते, त्याच्यावरून सगळ्या न्यूक्लियसचा स्पिन ठरते. पाठ हाय ना तुले? मंग झालं." आतून त्याच्या अम्मीने चहा आणला. तो मला दिला, त्याने घेतला नाही. हात भरलेले आहेत म्हणाला.

सेमिनार मी एकट्याने दिला. पंगतीचं उदाहरण घेतलं. मॅडम खूश झाल्या, पोरं हसली, टाळ्या पडल्या. प्रोटॉनची पंगत वेगळी, न्यूट्रॉनची वेगळी, हे मी सपाट आवाजात सांगून पुढे गेलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, "पंगत पूर्ण भरली आहे आणि त्यातला एक उठून वरच्या पंगतीत जाऊन बसला, तर काय होईल?"

मला उत्तर येत होतं. मी म्हणालो, "सर, खाली एक रिकामी जागा राहते. ती जागासुद्धा कणासारखीच वागते. भरलेल्या पंगतीतले बाकीचे सगळे विसरले तरी चालतात. उठून गेलेला एक आणि त्याची रिकामी जागा, या दोघांचाच हिशेब ठेवला की पुरतं."

"व्हेरी गुड," ते म्हणाले.

आणि खरोखरच आजवर तेवढाच हिशेब ठेवला गेला आहे. नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं, आयुष्यातला एखादा धाडसाचा प्रसंग सांगा. मी भंडाऱ्याचा सांगितला, नीमाखाली बसलो तिथपर्यंत. एक सदस्य भारावून गेले. मला अकोल्याच्या कॉलेजात नोकरी लागली. गावात आजही नवीन पोरांना मारुतीपुढची फरशी दाखवतात: इथून उठला होता पाटलाचा पोरगा. आता तर ते कौतुकाने दाखवतात. काळ बदलला, पंगतीऐवजी बुफे आला, आणि माझी रिकामी जागा गावाच्या अभिमानाची झाली. देवळामागच्या पडवीत कोण बसायचं हे मात्र कुणी दाखवत नाही. तिथे आता ग्रामपंचायतीचं सिमेंट असतं.

रफीक अकोल्यातच आहे. फोमच्या गाद्यांचं लहानसं दुकान आहे त्याचं. उस्मानचाचा गेल्याचं मला त्याच्या दुकानात गादी घ्यायला गेल्यावर कळलं. मी बोलायला लागलो. मी काय बोलणार हे त्याला पहिल्याच शब्दात कळलं असावं. त्याने गादीवर थाप मारून म्हटलं, "याले पिंजा नाई लागत, सर." मला तो सर म्हणाला. मी गादी घेतली. तिच्यावर मला झोप येत नाही, हे बायकोला मी मणक्याच्या दुखण्यावर ढकललं आहे.

यंदाही शेल मॉडेल शिकवलं. फळ्यावर पंगती काढल्या, एक पान उचलून वरच्या पंगतीत नेलं, खाली रिकामं वर्तुळ काढलं आणि नेहमीसारखं म्हणालो, की बाकीच्यांना आता विसरलं तरी चालेल. मागच्या बाकावरची एक मुलगी, बाळापूरकडून रोज एसटीने येते, तिने हात वर केला.

"सर, वरच्या पंगतीत आधीच कोनी बसलेलं असलं तर? हा जाऊन त्याच्या बाजूले बसला, तर त्याचं काय होते?"

प्रश्न बरोबर होता. त्याचा परिणाम होतो, दोघांच्याही जागा हलतात. त्याचं गणित अवघड आहे, म्हणून पहिल्या हिशेबात ते सोडून देतात. हे सगळं मला तिला सांगता आलं असतं. खडू हातात होता.

"या मॉडेलमध्ये," मी म्हणालो, "त्याचा विचार केलेला नाही."

तिने ते लिहून घेतलं.